आईंचं वाक्य ग्रुपवर गेलं आणि हॉलमधला टीव्ही बंद झाला

पत्र

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. वय ३८, नोकरी ऐरोलीला. घरात मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. संध्याकाळी सात ते दहा हॉलमधला टीव्ही आईंचा. मला डेली सोप झेपत नाहीत. मी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघते आणि रात्री मोबाइलवर वेब सीरिज. बघितलेल्या एपिसोडवर चार ओळी लिहायची मला सवय आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळे त्या आवडीने वाचतात.

महिन्याभरापूर्वी मी कुकर लावत होते. हॉलमध्ये आईंची मालिका चालू होती. नायिका न वाचताच कसल्याशा कागदावर सही करायला निघाली, तशा आई टीव्हीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “अगं सही करू नकोस, आधी वाच!” मला हसू फुटलं. त्या रात्री मी ग्रुपवर त्या एपिसोडची खिल्ली उडवली आणि शेवटी आईंचं वाक्य टाकलं. सगळे हसले. नवऱ्यानेही हसरा चेहरा टाकला. आईही त्या ग्रुपवर आहेत, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या हॉलमध्ये टीव्ही लावत नाहीत. आतल्या खोलीत मोबाइलवर, कानात इयरफोन घालून बघतात. बोलतात, पण कामापुरतं. नवरा म्हणतो, होईल आपोआप ठीक. आईंनाही हास्यजत्रा आवडत नाही. “जाड्याला जाड्या म्हटलं की विनोद होतो का?” असं त्या माझ्या तोंडावर म्हणतात, मी कुठे मनाला लावून घेते? ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी, म्हणजे ज्योती चांदेकर गेल्या, तेव्हा तर आई रात्री जेवल्या नव्हत्या. मला ते अतीच वाटलं होतं. सासरे गेल्यावर आईंच्या दिरांनी त्यांच्याकडून गावच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, तेव्हापासून त्यांचा स्वभाव असा हळवा झालाय, असं नवरा म्हणतो.

मालिका सुमार असली तरी सुमार म्हणायचं नाही का? हे निस्तरू कसं? आणि मुलगी आजीला चिकटून या मालिका बघते, ते बंद करू का?

— एक प्रेक्षक, ठाणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांब पडल्या आहेत. “अगं सही करू नकोस, आधी वाच!” हे वाक्य सुरुवातीला आहे आणि हक्कसोडपत्राची गोष्ट पार शेवटी, तीही स्वभावाचं कारण म्हणून जाता जाता आलेली. आता ती दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

नवरा नुकताच गेलेला. घरात माणसांची ये-जा. कुणीतरी समोर कागद ठेवतो, “वहिनी, इथे करा सही.” बाई करते. त्या दिवशी तिला “आधी वाच” म्हणणारं जवळ कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी टीव्हीवर एक मुलगी तेच करायला निघाली, तेव्हा आईंच्या तोंडून ते वाक्य आलं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण मला तरी त्या वाक्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी दीर, जावा, भाचे, पुतणे असलेल्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांखाली आईंनी वाचलं. ज्यांनी सही घेतली, त्यांच्या घरातलं कुणी त्या ग्रुपवर आहे का? असेल, तर हॉलमधला टीव्ही का बंद झाला हे मी वेगळं सांगायला नको.

तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाहीत, हे पत्रावरून दिसतं. पण तुमचा पहिला प्रश्न, “सुमार असली तरी सुमार म्हणायचं नाही का?”, इथे लागूच होत नाही. तुम्ही नुसत्या मालिकेवर लिहिलं असतं, तर आई चिडल्या असत्या, “तुला काय कळतंय त्यातलं” म्हणाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला टीव्ही लावून बसल्या असत्या. त्या तुमच्या तोंडावर हास्यजत्रेला नावं ठेवतात, ते तुम्ही मनाला लावून घेत नाही. कारण त्या नावं ठेवतात ती कार्यक्रमाला. तुम्ही चारचौघांत हसायला दिलंत ते त्यांना.

आईंच्या वयाच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल सरळ बोलत नाहीत, मालिकेतल्या बायकांबद्दल बोलतात. दूरदर्शनवर ‘दामिनी’ लागायची तेव्हापासून हे चालत आलंय. पुढे १९९९ मध्ये ‘आभाळमाया’ आली, मग २००१ ते २०१३ अशी तब्बल अकरा वर्षांहून अधिक काळ ‘चार दिवस सासूचे’ चालली. एवढ्या काळात घराघरांतल्या बायकांनी सासू, नवरा, पैसा, माहेर, अपमान या सगळ्यावर जी मतं मांडली, त्यातली कितीतरी ‘ती’च्या नावाने मांडली. “तिने तेव्हाच घर सोडायला हवं होतं.” “एवढं ऐकून घेतलंच का तिने?” हे कुणाबद्दल चाललंय, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं.

‘आई कुठे काय करते’ आठवा. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, जवळपास पाच वर्षं. मूळ कथा बंगाली ‘श्रीमोयी’ची, हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती संसारात पंचवीस वर्षं घालवते, मग नवऱ्याचं प्रकरण तिला कळतं, घटस्फोट होतो, ती कमावती होते आणि आशुतोषशी दुसरं लग्न करते. माझं स्पष्ट मत, ही मालिका सुरुवातीची दीडेक वर्षं फार चांगली होती. नंतर ताणली आणि अरुंधतीवर एवढी संकटं घातली की तिचं मूळचं बळ दिसेनासं झालं. पण पन्नाशीकडे आलेली, मोठ्या मुलांची आई पुन्हा लग्न करते, हे रोज संध्याकाळी सासू-सून-मुलगी एकत्र बसून बघत होत्या, त्यावर बोलत होत्या. आईंनी ती बघितली असेलच. त्यांना कधीतरी विचारा, “अरुंधतीने दुसरं लग्न केलं ते तुम्हाला पटलं होतं का?” उत्तर काहीही येवो, मध्ये न बोलता ऐका. तुम्हाला आई जरा जास्त कळतील.

आता तुमच्या टीकेबद्दल. एपिसोडवर लिहिणारी माणसं मला मनापासून आवडतात. चार ओळींत नेमकं लिहिता येणं ही सोपी गोष्ट नाही. म्हणूनच एक खटकलं ते सांगते. तुम्ही तो एपिसोड बघितलाच नव्हता. कुकर लावता लावता एक प्रसंग कानावर पडला, तेवढ्यावर लिहिलंत. हास्यजत्रेच्या एखाद्या स्किटवर कुणी शेवटचं अर्धं मिनिट बघून मत दिलं, तर तुम्हाला चालेल का?

रोजची मालिका आणि वेब सीरिज एकाच मापाने मोजू नका. आपल्या घोडबंदर रोडच्या बाजूला मालिकांचे सेट आहेत. तिथे आठवड्यातले सहा-सहा दिवस शूटिंग चालतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर वाहिनीची मंजुरी. हातात फार थोड्या भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, असते. एखादा कलाकार आजारी पडला की रात्रीत ट्रॅक बदलतो. त्यातून रोज जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उभी करायची. वेब सीरिजच्या आठ भागांना लिहायला महिनोन्‌महिने मिळतात.

शिवाय ही मालिका कोण, कसं बघतं ते बघा. एकच गोष्ट तीनदा का सांगतात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा का जातो, पार्श्वसंगीत एवढं मोठं का, ही तुमची नेहमीची तक्रार असणार. आई भाजी निवडताना बघतात. कुणी पोळ्या लाटता लाटता बघतं. मालिका बरीचशी कानांनी बघायची असते. संगीत वाढलं की मान वर करायची, चेहरे बघायचे, पुन्हा हातातल्या कामाकडे वळायचं. काल पाहुणे आले म्हणून भाग चुकला असेल, तर आजच्या संवादात तो सांगितला जातो. सगळं लक्ष देऊन, सोफ्यावर मांडी घालून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटणारच.

“घरात कुणालाच कळत कसं नाही?” हा आणखी एक आक्षेप मी नेहमी ऐकते. ‘ठरलं तर मग’ घ्या. सायली हीच खरी तन्वी, हे प्रेक्षकाला माहीत. तन्वी म्हणून घरात वावरत होती ती प्रिया. प्रेक्षकाला जे ठाऊक होतं ते घरच्यांना ठाऊक नव्हतं, यावरच कितीतरी भाग उभे राहिले. “अगं, तीच आहे ती, बघ ना!” असं प्रेक्षकाने टीव्हीशी बोलावं म्हणूनच ते तसं लिहिलेलं असतं. आई टीव्हीशी बोलतात म्हणजे लिहिणाऱ्याला हवं होतं ते जमलंय.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगते की सुमारला सुमार जरूर म्हणा. रहस्य फुटायला आलं की ऐनवेळी कुणीतरी बेशुद्ध पडतं. दोन बायका एकमेकींविरुद्ध कारस्थानं करत असताना घरातले पुरुष पेपर वाचत बसतात. नोकरी करणारी नायिका वर्षभरात एकदाही ऑफिसात दिसत नाही. यावर लिहा, धारदार लिहा. फक्त भाग पूर्ण बघून लिहा आणि प्रसंग कोणता ते सांगा. ‘सगळं टीआरपीसाठी’ हे वाक्य मात्र गाळा. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात, ते निवडक घरांतल्या मीटरवरून. कोणतं चॅनल किती वेळ लागलं होतं आणि घरातलं कोण बघत होतं, एवढंच मीटर सांगतं. बघणारा रडत होता की चिडला होता, ते त्याला कळत नाही. ते तुम्हीच लिहू शकता, म्हणून तर नीट लिहायचं.

पत्रातली मला सगळ्यात आवडलेली प्रतिक्रिया कुणाची, सांगू? आईंची. “जाड्याला जाड्या म्हटलं की विनोद होतो का?” टीव्हीवरच्या विनोदाबद्दल इतकं थेट फार कमी जण विचारतात. जाडी, काळा रंग, टक्कल, साडी नेसलेला पुरुष, यांवर मराठी कॉमेडी शो वर्षानुवर्षं हशा काढत आलेत. बाईच्या वेशातला पुरुष आपल्याला नवा नाही, तमाशातली मावशी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोक्यावर घेतली. पण मावशीला हजरजबाबी बोलणं होतं. नुसती साडी नेसून आल्याचा हशा तिच्या वाट्याला नव्हता. हास्यजत्रा मलाही आवडते. तिची चांगली स्किट्स उभी राहतात ती माणसाच्या सवयींवर, बोलण्याच्या लकबीवर. समीर चौघुलेंचं टायमिंग किंवा नम्रता संभेरावची लॉली बघताना कुणाच्या अंगाकडे बोट दाखवावं लागत नाही. जिथे दाखवतात, तिथे आई बरोबर आहेत. पुढच्या वेळी स्किट बघताना त्यांचा हा प्रश्न मनात असू द्या. तुमचं लिखाण सुधारेल.

आणि तुमच्या नि आईंच्या आवडीत तुम्हाला वाटतं तेवढं अंतर नाही. विशाखा सुभेदारांना तुम्ही हास्यजत्रेत बघितलंय. त्यांनीच पुढे ‘शुभविवाह’मध्ये रागिणी केली, थंड डोक्याची खलनायिका. तुम्ही त्यांना बघून हसलात, आईंनी त्यांच्या नावाने बोटं मोडली असतील. बाई एकच. एखाद्या दिवशी यावर दोघींनी बोलायला काय हरकत आहे?

ज्योती चांदेकरांबद्दल. त्या २०२५च्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेल्या. मालिका डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या रोज ठरल्या वेळेला आईंच्या समोर होत्या. वयाने आईंच्या जवळपास, भूमिकाही घरातल्या मोठ्या बाईची, जिचा शब्द खाली पडत नाही. अशी बाई अचानक जाते, तेव्हा आपल्या वयाचं माणूस गेल्याचं दुःख होतं; त्यात स्वतःचंही भय असतं. त्या रात्री आई जेवल्या नाहीत, यात मला अती काही वाटत नाही. तेव्हा कुणी जवळ बसलं होतं का?

आता निस्तरायचं कसं ते सांगते.

आधी आईंकडे एकट्या जा. ग्रुपवर माफी मागायची घाई करू नका. जे आईंना विसरायचंय ते त्याने पुन्हा सगळ्यांसमोर येईल. सुट्टीच्या दिवशी दुपारी, नवरा आणि मुलगी घरात नसताना जा. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी” असं बोलू नका. त्या ‘असेल तर’ने सगळ्यावर पाणी पडतं. सरळ म्हणा, “आई, तुम्ही टीव्ही बघताना बोललात ते मी ग्रुपवर टाकलं. तुमचं घरातलं बोलणं मी चारचौघांत हसायला दिलं. चुकलं माझं.” पुढे स्पष्टीकरण नको. “तुम्ही ग्रुपवर आहात हे लक्षात नव्हतं,” हे तर अजिबात नको. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांना लगेच कळेल. हक्कसोडपत्राचा विषय तुम्ही काढू नका. त्यांना काढावासा वाटला तर त्या काढतील, आज नाही तर सहा महिन्यांनी. तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका.

त्या लगेच विरघळतील अशी आशा धरू नका. बहुतेक म्हणतील, “जाऊ दे, मी कुठे काय म्हणाले?” त्यावर जास्त बोलू नका.

मग हॉलमधला टीव्ही. “आई, बाहेर बसून बघा ना” असा आग्रह केलात तर त्या येणार नाहीत. त्यांना तो उपकार वाटेल. तुम्ही आत जा. त्यांची एक मालिका निवडा, एकच, आणि आठवडाभर तिच्या वेळेला त्यांच्याजवळ पलंगावर बसा. ऐरोलीहून घरी पोचायला उशीर होतो, हे मला समजतं. पण एक आठवडा कुकर पंधरा मिनिटं उशिरा लावा किंवा नवऱ्याला लावायला सांगा. तुमचा मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. आज त्यांना सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असणार; तो तुमच्या हातात दिसला की त्या तोंड उघडणार नाहीत. तुम्हाला मालिकेतलं काहीच माहीत नाही, ते आत्ता तुमच्या कामी येईल. “ही कोण? हिचा त्याच्यावर राग का?” असं खरोखरच विचारा. दोन-तीन वर्षांची कथा त्यांना तोंडपाठ आहे. एक इयरफोन काढून त्या तुम्हाला सांगायला लागल्या की समजा गाडी रुळावर आली. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर दोघींना दिसत नाही म्हणून बाहेर टीव्ही लावूया, ही गोष्ट मग कदाचित त्याच म्हणतील.

नवरा “होईल आपोआप ठीक” म्हणतात, ते मला पटलेलं नाही. वाक्य तुम्ही टाकलं, पण हसरा चेहरा मुलाने टाकला आणि आईच्या जमिनीची गोष्ट त्याला तुमच्याआधीपासून माहीत होती. आईंना जास्त लागलं असेल ते कदाचित तेच. हा भाग तुमच्या माफीने भरून निघणार नाही. त्यांनी स्वतः आईपाशी जाऊन बोलायला हवं. माझं हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

ग्रुपवर काय करायचं, तर आईंशी बोलून झाल्यावर तो जुना मेसेज काढता येत असेल तर काढा. नसेल तर राहू द्या, खाली नवीन काही जोडू नका. पुन्हा लिहायला सुरुवात कराल तेव्हा घरातल्या माणसाचं बोलणं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. आणि एखाद्या भागावर आईंचं मत खरंच चांगलं वाटलं, तर त्यांना विचारा, “हे मी तुमच्या नावाने लिहू का?” जाड्याबद्दलचं वाक्य मी तुमच्या जागी असते तर नक्की मागितलं असतं.

शेवटचा प्रश्न मुलीचा. आजीबरोबर बघू द्या. नऊ वर्षांच्या मुलीला मालिकेतली कारस्थानं दिसतात, पण ती शेजारी बसलेल्या आजीच्या तोंडून “हे बरोबर नाही हं” हेही ऐकते. फार मारझोडीचं किंवा विष घालण्याबिलण्याचं कथानक चालू असेल, तर तेवढे दिवस तिला दुसरं काहीतरी लावून द्या आणि आजीला आधी विश्वासात घ्या. तुम्ही आत्ता अचानक तिला बंदी घातलीत, तर आईंना ती आपल्याच शिक्षेचा भाग वाटेल. अभ्यास सातच्या आत उरकायचा आणि रोज एकच मालिका, हा नियम आजी आणि नात दोघींना मिळून ठरवू द्या.

तुमची,
ताई